आत्याबाईंचा न पडण्याचा पट्टा

सासूबाईंनी पडू नये म्हणून माझ्या दिरांनी एक पट्टा बनवला, आणि पहिल्या तीन दिवसांत सासूबाई एकतीस वेळा पडल्या. म्हणजे पट्ट्याच्या मते. प्रत्यक्षात त्या खाली बसत होत्या.

गेल्या वर्षी आत्याबाई (सासूबाईंना आम्ही आत्याबाईच म्हणतो) न्हाणीत घसरल्या आणि मनगट मोडलं. मी म्हटलं, भिंतीला धरायला एक दांडी ठोका, विषय संपला! पण आमचे भाऊजी नांदेडला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात. दांडी ठोकायला संशोधन लागत नाही, मग ती ठोकायची कशाला? त्यांनी कमरेला बांधायचा पट्टा तयार केला. चालताना तोल जायला लागला की पट्टा थरथरणार, आणि माणूस पडलंच तर थेट भाऊजींच्या मोबाइलवर बोंब ठोकणार.

आत्याबाईंना पट्ट्याचं काडीचं कौतुक नव्हतं. त्यांना माहूरला जायचं होतं. दरवर्षी रेणुकेच्या पायऱ्या चढून त्या स्वतः ओटी भरतात. मनगट मोडल्यापासून दोन्ही लेकांनी बंदी घातलेली. शेवटी भाऊजींनी अट घातली, "आई, पंधरा दिवस पट्ट्यानं तक्रार केली नाही, तर मी गाडी घेऊन येतो. केली, तर माहूर रद्द."

पहिल्याच सकाळी आत्याबाई मेथी निवडायला बसल्या. लातुरात त्या टेकल्या न टेकल्या तोच नांदेडहून फोन!

"वहिनी, आई पडली!"

"मेथी निवडून राहिल्यात."

"न्हाई हो, जोरात पडलीय! इथं दिसतंय मला."

"भाऊजी, त्या अशाच बसतात. पंचाहत्तर वर्षं झाली."

पूजेला बसल्या, फोन. जेवायला बसल्या, फोन. तिसऱ्या दिवशी भरल्या वर्गात भाऊजींचा मोबाइल बोंबलला, तेव्हा कुठे ते चौकशीला लागले. पट्ट्याला पडणं आणि बसणं शिकवलं होतं कॉलेजातल्या पोरांनी, तो बांधून पडून-बसून दाखवत. पडायचं गादीवर, बसायचं खुर्चीवर! म्हातारी बाई जमिनीवर बसते, हे त्या अख्ख्या विभागात एकालाही सुचलं नाही. (आणि घरी प्रत्येकाची आजी जमिनीवर बसून शेंगा फोडत असणार!)

भाऊजींनी दुरुस्ती केली आणि पंधरा दिवस नव्यानं मोजायला घेतले. पण आत्याबाईंचा विश्वास उडाला तो उडालाच.

"याचा काय भरवसा? उद्या शिंकले तर पडली म्हणंल."

"तोल सांभाळून चाललं की पट्टा लागतोच कशाला?" मी म्हटलं. "मी बघा, पन्नाशी आली, कधी ठेच नाही लागली मला."

हे बोलायला नको होतं. आत्याबाईंनी तिथल्या तिथे पट्टा सोडला.

"मग तूच घाल. तू पडत न्हाईस, तो बोंबलत न्हाई, माहूर पक्कं!"

"आत्याबाई, ही फसवणूक झाली!"

"देवीचं काम हाय. कोन इचारतंय?"

पट्टा माझ्या कमरेला आला. मधूनमधून कमरेत बेडूक उडाल्यासारखं व्हायचं. मला वाटायचं, मोबाइल वाजतोय. पंधरा दिवसांत मी कितीदा तरी नसलेले फोन उचलले.

सोळाव्या दिवशी भाऊजी लातूरला आले, पण तोंड पाडून. लॅपटॉप उघडून पट्ट्यानं टिपलेली नोंद वाचायला लागले. "आईची हालत लई खराब हाय. उजवा पाय उचलत नाही, फरफटते. वळताना झोकांडी जाते. रोज दहा-बारा वेळा पडता पडता वाचलीय. माहूर सोडा, हिला न्हाणीतसुद्धा एकटीला पाठवू नका!"

"मला वाटतच होतं," आमचे हे म्हणाले. "वय झालंय आता."

आठ दिवसांपासून भरून ठेवलेली पिशवी आत्याबाईंनी पुढे ओढली आणि ओटीचा हिरवा खण बाहेर काढून परत कपाटात ठेवायला उठल्या. भिंत धरून, सावकाश.

आता गप्प बसायची सोय राहिली नाही.

"पट्टा माझ्या कमरेला होता," मी म्हटलं.

भाऊजी संतापतील असं वाटलं होतं. ते टुणकन उठले. "म्हणजे यंत्र बरोबर चालतंय!"

"मला वाटतच होतं," आमचे हे परत म्हणाले. (या माणसाला सगळंच आधी वाटलेलं असतं!)

मग आत्याबाईंनी आठ दिवस सगळ्यांच्या देखत पट्टा घातला. एकदाही थरथरला नाही. थरथरेल कसा? ती बाई एक पाऊल नीट टेकल्याशिवाय दुसरं उचलत नाही. आणि मी, एका हातात बादली, कानाशी खांद्यानं दाबलेला फोन, नजर गॅसवरच्या दुधाकडे!

आमचे हे घरी थांबले, आम्ही तिघं माहूरला गेलो. आत्याबाई बिनपट्ट्याच्या, पट्टा मला. पायऱ्यांवर त्यांनी एका हातात ओटी धरली आणि दुसऱ्या हातात मला. लातूरचं कोणी बघत नाही ना, म्हणून मी मान वळवली. कमरेत बेडूक उडाला.

"पायाखाली बग!" आत्याबाई मागे न बघता म्हणाल्या.

ओटी भरून, प्रसादाचा तांबूल खाऊन घरी परत आलो, तर आमच्या ह्यांनी न्हाणीत दांडी ठोकून घेतलेली! वर्षभर मी ओरडत होते, शेवटी ह्यांनी ऐकलं म्हणून कौतुकानं धरून बघितली. बरोब्बर माझ्या हाताशी आली. आत्याबाईंचा हात तिथवर पोचत नाही.