मातेऱ्यावर शिकलेली गोलकीपर

मैदान कायले म्हणतात ते मले शिकवू नका. आमच्या मार्केट यार्डाच्या दारावर आता मोठी कमान आहे, आन कमानीवर बोर्ड आहे, 'निकिता क्रीडा प्रांगण'. त्या बोर्डावर एक पोरगी हिरव्या गवतावर हॉकी खेळून राह्यली. ती निकिता नाही. आमच्या निकितानं जन्मात गवतावर हॉकी खेळली नाही. मी सभापतीले विचारलं, "भाऊ, हे कोणाची पोरगी लावली?" तं म्हणे, "मावशी, हॉकी ते हॉकीच." असं काही ऐकलं का माहं डोकं फिरते.

मी मैनाबाई. आर्णीच्या अलीकडं आमचं गाव, आन गावाच्या बाहेर हे यार्ड. सोयाबीन, तूर, चना, जे येईल त्याचा लिलाव टिनाच्या शेडमधी होते. पोते भरून गेले का खाली जे सांडून राह्यते, दाणे, माती, काडीकचरा, त्याले मातेरं म्हणतात. ते झाडून न्यायचा हक्क माहा. आधी माह्या सासूचा होता, तिच्यामागं माहा झाला. घरी न्यायचं, पाखडायचं, निवडायचं, मंग जे निघन ते आपलं. शेडची जमीन म्हणजे सलग सिमेंटचा कोबा. असा घोटला होता का हात फिरवला तं कुठं खरखर लागत नव्हती. अख्ख्या गावात सपाट जागा तेवढीच.

निकिता म्हणजे यार्डातल्या उकंडा हमालाची पोरगी. उकंडा क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊन हसत जाईन, पण व्यापाऱ्यासमोर उभा केला तं तोंडातून शब्द निघणार नाही. पोरगी तशी नाही. ती शाळेत होती तवा तिच्या नागपूरच्या मामानं तिले चाकाचे बूट देल्ले. आता ते चालवावं कुठं? रोडवर खड्डे, शाळेपुढं मुरूम. लिलाव संपला का पोट्टी शेडमधी हजर! माह्या मातेऱ्यावरून सर्रकन इकडून तिकडं. दाण्याचा पार चुरा. मी झाडू घेऊन तिच्या मांगं, "अवो भवाने, लोकाच्या पोटावर चाकं फिरवते का?"

तुम्ही कधी सांडलेल्या सोयाबीनवर पाय देल्ला का? भला माणूस चारी मुंड्या चीत होते. हिच्या तं चाकाखाली दाणे. धप्पकन पडे, आन मी शिवी द्यायच्या आत उठून उभी राहे. शेवटी मीच म्हटलं, बाई, अर्धं शेड आधी झाडून देतो, तिकडं नाच. तरी ही न झाडलेल्या भागातच घुसे. म्हणे, "मावशी, साफ जागेवर तं कोणीबी उभं राह्यते." काय बोलावं अशा पोट्टीले! बोलली मी, लय बोलली, पण मनातून मले ते पटलं होतं.

पुढं नागपूरले ती चाकावरची हॉकी खेळली, आन तिथून कोणीतरी तिले बर्फावरच्या हॉकीसाठी लदाखले नेलं. बर्फ! आमच्याकडं बर्फ म्हणजे रसवंतीवाल्याजवळ पोत्यात गुंडाळलेला. तिथल्या पोरी लहानपणापासून बर्फावर पळणाऱ्या, त्यायच्या बरोबरीनं ही काय पळणार? मंग तिले गोलात उभी केली. पडून उठता येते न, मंग अडव. अशी ती गोलकीपर झाली, आन पुढं देशाच्या टीममधी गेली. पण तिसरी गोलकीपर. तिसरी म्हणजे बाकावर बसून दुसऱ्याचे हातमोजे सांभाळणारी. वर्षातून थोडे दिवस बर्फ भेटे, बाकी वर्षभर घरी, आन घरी म्हणजे आमच्या शेडमधी. हे ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं त्या जमिनीवर आहे.

मागच्या उन्हाळ्यात परदेशात मोठी स्पर्धा होती. आपल्या पोरी सगळे सामने हरल्या होत्या. शेवटचा सामना राह्यला तो जिंकणाऱ्या टीमसंगं, थंड देशातली टीम, त्यायनं सगळ्यायले धुऊन काढलं होतं. कप त्यायचाच, असं जो तो म्हणून राह्यला होता. आन त्याच दिवशी आपल्या पहिल्या गोलकीपरचा गुडघा गेला, दुसरीले ताप भरला. निकिताचा फोन आला, "बाबा, मी उतरून राह्यली." उकंडा नुसता "हाव, हाव" करत राह्यला.

दुपारचा लिलाव उरकला होता. तुरीच्या पोत्याले उकंडाचा मोबाईल टेकवला आन आम्ही सगळे हमाल-बाया भवती बसलो. काय पाहणार कप्पाळ! त्या खेळात चेंडू नाही, काळी चकती आहे, ती कोणाच्या बापाले दिसत नाही. वरून नेटवर्क. दोन घडी खेळ दिसे, मंग ते गोल चक्कर फिरत राहे. मी म्हटलं, आग लागो त्या मोबाईलले, आमचं नशीबच गोल गोल फिरून राह्यलं. आपल्या एका पोरीनं सुरवातीलेच कसातरी गोल घातला. त्याच्यानंतर मात्र समोरच्या पोरी आपल्या गोलावर तुटून पडल्या. हेल्मेटमधी निकिताचं तोंड दिसत नव्हतं. मले भीती वाटत होती, पोट्टीचं तिथं काही होते का काय.

शेवटच्या भागात तिथली बर्फ गोठवून ठेवणारी मशीन बिघडली. हिंदीत सांगणारा म्हणे, बर्फ पातळ झाला, वरून पाणी सुटलं, चकती सरळ येत नाही, उड्या मारते. त्या थंड देशाच्या पोरी घसरायले लागल्या, पंचाले हात करून करून सांगायले लागल्या. त्यायले काचेसारखा बर्फ पाहिजे न! आमची गुडघ्यावर पडली, उठली, आडवी पडली, उठली. ते पडणं मी ओळखलं. ते माह्या मातेऱ्यावरचं पडणं होतं. मी ओरडली, "अवो, सोयाबीन समज, सोयाबीन!" हमाल हसले, पण मी काही खोटं बोलून नव्हती राह्यली.

शेवटी एकजण एकटीच चकती घेऊन निकितावर आली, आन मोबाईल अडकला. ते चक्कर फिरून राह्यलं, फिरूनच राह्यलं. चित्र आलं तवा खेळ संपला होता, अन् आपल्या साऱ्या पोरी निकिताच्या अंगावर ढीग करून पडल्या होत्या. एक-शून्य! उकंडानं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसले आन पोते उचलायले निघून गेला.

मंग काय, गावाले पोरगी आपली वाटायले लागली. जे कालपर्यंत म्हणत होते 'पोट्टी हाफचड्डीत फिरते', तेच डीजे लावून नाचले. यार्डाचे सभापती इंद्रजितभाऊ यायनं मंडप घातला. उकंडाले व्यापाऱ्यायच्या रांगेत खुर्चीवर बसवलं, शाल देल्ली, नारळ देल्ला. ज्या माणसानं जन्मभर त्या लोकायची पोती वाह्यली तो त्यायच्या बाजूले बसला. निकितानं भाषणात सांगितलं, दिवाळीनंतर पक्क्या टीमची निवड आहे, तवापर्यंत पहिलीचा गुडघा बरा होईन, मले रोज सराव पाहिजे, नाही तं जागा जाईन. टाळ्या पडल्या. इंद्रजितभाऊ म्हणे, "पोरीसाठी यार्डातच मैदान करून देतो!" परत टाळ्या. पोरगी खूश होऊन दोन महिन्याच्या शिबिराले गेली.

ती तिकडं, आन इकडं ट्रक आले. लाल-पिवळे गट्टू, फुटपाथवर बसवतात ते सिमेंटचे ठोकळे. सुशोभीकरण म्हणे! चांगल्या घोटलेल्या कोब्यावर दगडाची चुरी पसरली आन त्याच्यावर गट्टू ठोकायले लागले. मी आडवी गेली. "भाऊ, गट्टूच्या फटीत चाकं अडकतात, पोरगी खेळीन कुठं?" "मावशी, पोरीसाठीच तं करून राह्यलो. किती शोभा आली पाहा!" अबे, शोभा काय चाटायची आहे का? मी उकंडाकडं धावत गेली. म्हटलं, तू बाप आहे, तू बोल. तो मान खाली घालून बसला. म्हणे, "मैनाबाई, ज्यायनं खुर्ची देल्ली त्यायले नाही कसं म्हणू?" मी म्हटलं, "मंग बस खुर्ची घेऊन!" आन चालती झाली. रागात बोलून गेली, पण त्याचं तोंड अजून डोळ्यापुढं येते.

निकिता आली त्याच दिवशी उद्घाटन. तिच्याच हातानं फीत कापली. ती आत आली, खाली पाह्यलं, आन वाकून गट्टूच्या फटीवरून बोट फिरवलं. मले तिथंच रडू फुटलं. स्टेजवर इंद्रजितभाऊनं माईक तिच्या हातात देल्ला, "सांग पोरी, आणखी काय पाहिजे?" म्हटलं, आता बोलन, आता बोलन. तिनं खुर्च्यायकडं पाह्यलं. उकंडा नवा सदरा घालून, दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून ताठ बसला होता.

"काही नाही भाऊ," ती म्हणे, "लय केलं तुम्ही."

मंडप सुटल्यावर मी तिले धरलं. "काहून नाही बोलली वो? जीभ झडली होती का?" म्हणे, "मावशी, बाबा खुर्चीवर बसले होते न." मंग तिनं चाकाचे बूट घातले आन पाय पुढं टाकला. चाक फटीत गेलं, पोरगी तोंडावर पडली. ते पडणं मी ओळखत नव्हती. उठायले लय वेळ लागला तिले.

तिनं हार मानली असं नाही. पहाटे रोडवर जाऊन पाह्यलं, खड्ड्यात मनगट मुरगळलं. यवतमाळले स्केटिंगच्या जागेवर जाऊन पाह्यलं, पण कॉलेज सांभाळून रोज कोण जाऊ शकते? दिवाळी झाली, निवड झाली, निकिताचं नाव आलं नाही. तिसरी म्हणूनबी नाही. निवडणारे म्हणे, सराव नाही, पाय जड झाले.

त्याच हप्त्यात सोयाबीनचा सीझन जोरात होता. मी खाली बसून खिळ्यानं फटीतले दाणे कोरून राह्यली होती. हो, माहं मातेरंबी त्या फटीतच गेलं. झाडू फिरवला तं निम्मं आतच राह्यते. तेवढ्यात इंद्रजितभाऊ पाहुणे घेऊन आले. कमान दाखवली, बोर्ड दाखवला, आन म्हणे, "एवढं मैदान करून देल्लं पोरीले, तरी टिकली नाही. खेड्यातल्या पोरीयचं असंच असते."

मी झाडू घेऊन उठली. आज ह्या माणसाले ऐकवतोच, म्हटलं. पण मांगून उकंडा येऊन राह्यला होता, पाठीवर पोतं. तो थांबला. पोतं त्यानं इंद्रजितभाऊच्या पायापुढं टाकलं. पाठ सरळ केली. आयुष्यात पहिल्यांदा तो सभापतीच्या डोळ्यात पाहून बोलला.

"भाऊ, हे मैदान नव्हं. माह्या पोरीचं मैदान याच्या खाली आहे."

मंग खाली वाकला, पोतं परत पाठीवर घेतलं, आन वजनकाट्याकडं चालला गेला.