वैशाखात आलेला बडा मंगल

२०२५ साल. मी त्र्याहत्तर वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं रेल्वेच्या कारखान्यात हातोडी मारत शिकलो. साताऱ्याकडून लखनऊला आलो तो तरुणपणी, आणि सरोजिनी नगरातलं घर माझ्या कमाईचं आहे. कुणापुढे हात पसरला नाही, हे मी आल्यागेल्याला ऐकवत असतो. त्या मंगळवारी मात्र पसरला, आणि तेच सांगायला बसलोय.

लखनऊत ज्येष्ठातला प्रत्येक मंगळवार म्हणजे बडा मंगल. हनुमानजींच्या नावानं रस्तोरस्ती मांडव घालतात आणि येईल त्याला पुरी-भाजी, सरबत वाढतात. इतकी वर्षं इथे काढूनही मी त्यातला घोटही कधी घेतला नव्हता. एक तर आमचा मारुती शनिवारचा. दुसरं, इथला महिना आमच्या आधी पंधरा दिवस लागतो. यांचा ज्येष्ठ सुरू होतो तेव्हा आमच्या पंचांगात वैशाखच चालू असतो. "हा मंगळवार आपला नाही," असं मी घरात ठणकावून सांगायचो. सून म्हणायची, "बाबा, हनुमान तर एकच आहे ना?" मी म्हणायचो, "एकच आहे, पण त्याचा वार आपण चुकवू नये."

माझी नात रेवा तेव्हा बारावीला. कॉलेजात जायला आता बारावीचे मार्क पुरत नाहीत. देशभरच्या पोरांची एकच परीक्षा, तीही कॉम्प्युटरवर. रेवाला भूगर्भशास्त्र शिकायचं होतं, दगड-खडकांचं. त्याच्या जागा थोड्या, पेपर हुकला की वर्ष गेलं. मुलगा नोकरीपायी परगावी, सुनेला त्या दिवशी सुट्टी मिळेना. "मी नेतो पोरीला," म्हणालो. आणि आदल्या दिवशी देवापुढे मनातल्या मनात बोललो, मारुतीराया, हिचा पेपर सुटेपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही. घरात कुणाला कळू दिलं नाही. कळलं असतं तर सुनेनं दारातच अडवलं असतं.

पेपर नेमका बडा मंगलच्या दुपारी, गोमती नगरच्याही पुढे. मांडवांनी रस्ता तुंबलेला. ई-रिक्षावाल्यानं सेंटरच्या बरंच अलीकडे उतरवलं. "यहाँ से पैदल जाइए बाबा, आज बजरंगबली का दिन है." ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. जाताना दोन मांडवांतून हाका आल्या, मी मान वळवली नाही. सेंटरचं गेट दिसलं, रेवा पुढे पळून पोरांच्या रांगेत लागली, आणि मला पुढे चालवेना. भिंतीला पाठ लावून खाली बसलो. जीभ टाळूला चिकटलेली.

रेवा रांग सोडून धावत आली. "आबा, पानी पियो ना!"

"पेपर सुटल्यावर."

"मतलब?"

मग सांगावंच लागलं. तिचा चेहरा लाल झाला, डोळे भरले. "मुझसे पूछा था आपने?" गेटवरचा माणूस ओरडत होता, जल्दी करो, गेट बंद हो रहा है. पोरगी फतकल मारून माझ्या शेजारी बसली. "आप नहीं पियोगे तो मैं भी नहीं जाऊँगी." हट्टी. नात कुणाची!

नवस मोडावा तर देव रागावेल, पाळावा तर पोरीचं वर्ष जाईल. तेवढ्यात समोर एक धिप्पाड बाई. पदर खोचलेला, घामानं चिंब, हातात सरबताचा जग. तिच्या मागे रस्त्याकडेला पिंपांनी भरलेला टेम्पो उभा.

"लीजिए बाबा."

"बहनजी, हमारा जेठ अभी लगा नहीं. और हमारा वार शनिवार है."

तिनं जग माझ्यापुढे धरला. "बाबा, इस धूप ने आपका पंचांग पढ़ा है क्या?"

रांगेतली पोरं खो खो हसली. रडता रडता रेवाही हसली. आणि काय सांगू, मलाही हसू फुटलं! त्या हसण्यात छातीतला कसला तरी खिळा सुटला. मी ओंजळ पुढे केली. गुलाबाचं गार सरबत घशातून उतरलं तसा माझा मारुतीच आत उतरल्यासारखा वाटला, अंगावर काटा आला, डोळे वाहू लागले. बाई ओरडली, "अब भाग, बिटिया!" रेवा अशी सुटली की ओढणी मागे राहिली. ती आत, आणि गेट बंद.

बाईनं मला टेम्पोच्या सावलीत बसवलं. म्हणाली, आमचा मांडव पुढच्या देवळापाशी होता, टेम्पो इथेच बंद पडला, मग म्हटलं इथेच वाटायचा हुकूम असेल. थोड्या वेळानं ड्रायव्हरनं किल्ली फिरवली आणि टेम्पो चालू झाला. मी कारखान्यातला माणूस. इंजिन तापतं, निवतं, हे मला ठाऊक आहे. तरी टेम्पो वळणाआड जाईपर्यंत मी हात जोडून उभा होतो.

पेपर सोडवून रेवा उड्या मारत आली. पुढे तिला हवं ते कॉलेज मिळालं, सध्या हातोडी घेऊन खडक फोडते, माझ्यासारखीच! पण मला प्रसाद मिळाला तो त्याच दुपारी. जन्मभर मी देवाला वार नेमून देत होतो, महिना नेमून देत होतो, त्यानं माझ्या नातीसाठी काय करायचं तेही मीच ठरवत होतो. त्यानं माझं काहीच मानलं नाही, ही त्याची केवढी कृपा. माझं एवढंच काम होतं, ओंजळ पुढे करायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरासमोर स्टुलावर माठ मांडला. पाण्यात गूळ आणि लिंबू घातलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारू लागलो. सायकलवरून दूधवाला चालला होता, तो थांबून म्हणाला, "बाबा, बड़ा मंगल तो कल था. आज बुध है."

"पता है," मी म्हणालो. "गिलास पकड़."