सोळा इंची बॉडी

दीपनगरच्या कॉलनीत आमचा भीमगीतांचा संच आहे. त्यात मी गिटार वाजवतो. गिटार पोकळ, वरची पाटी व्हायोलिनसारखी फुगीर, दोन बाजूंना दोन लांबट भोकं. तारांखाली चुंबक आणि कॉईलची एक डबी असते. तारांचं थरथरणं तीच उचलून अॅम्प्लिफायरला देते, म्हणून तिला पिकअप म्हणतात. माझी ती डबी मुकी झाली. आमच्या ढोलकीवाल्याने गावोगाव निरोप पाठवला की पिकअप पाहिजे.

दोन दिवसांनी दोंडाईचाहून एका नानांचा फोन आला. पिकअप आहे म्हणाले. बॉडी केवढी पाहिजे, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, सोळा इंच रुंद, तीन इंच खोल. ते म्हणाले, माझी मोठी आहे, पण बसेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या क्वार्टरसमोर मालवाहू गाडी उभी राहिली. पांढरी पिकअप, मागे ताडपत्री, दोरखंड. नाना साठीचे होते. मी गिटार बाहेर आणली. त्यांनी ती खालीवर पाहिली.

"बठ्ठा माल इतलाच शे का, भाऊ?"

सगळा माल तेवढाच, आणि हवी होती ती गाडी नव्हे तर डबी, हे मी सांगितलं. इतक्या लांब आलेला माणूस चिडेल असं वाटलं होतं, पण ते चहा घेत विचार करत बसले. तारेची गुंडाळीच आहे ना, म्हणाले. त्यांची मोठी बहीण अक्का धुळ्याला शेतातल्या पंपांच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरते, आणि धुळं त्यांच्या वाटेवरच होतं. गिटार मांडीवर घेऊन पुढे बसतो म्हटलं, तर त्यांना पटेना. माल मागेच जातो. त्यांनी रिकाम्या बॉडीच्या मधोमध गिटार ठेवली, ताडपत्री घातली आणि चारही बाजूंनी दोर आवळले. नशिराबादपर्यंत मी मागेच बघत होतो.

धुळ्याला पोहोचल्यावर अक्कांनी डबी उघडली आणि पहिला प्रश्न विचारला, कितला एचपी शे? आतली तार केसाहून बारीक होती. त्यांनी एका जुन्या मीटरमधून तशीच तार काढली, शिलाई मशीनच्या चाकावर डबी बसवली आणि गुंडाळायला लागल्या. किती वेढे द्यायचे, हे मला माहीत नव्हतं. "भरेपर्यंत," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

संध्याकाळी मी पिशवीतून आणलेला छोटा अॅम्प्लिफायर जोडला. तारेला हात लावण्याआधीच गिटारीने असा हंबरडा फोडला की मोटार न्यायला आलेले दोन शेतकरी उठून उभे राहिले. एकाने बेअरिंग गेल्याचं निदान केलं. अक्कांनी गिटारीच्या पोटावर पंजा ठेवला. आवाज थांबला. पंजा उचलला, पुन्हा सुरू.

"पोकळ शे, म्हणून घुमस," त्या म्हणाल्या आणि नानांच्या जुन्या धोतराच्या पट्ट्या दोन्ही भोकांत ठासून भरल्या.

मग मी वाजवलं. आवाज इतका गोल आणि भरीव आला की माझा मलाच विश्वास बसेना. शेतकऱ्यांनी एक गाणं पूर्ण ऐकून घेतलं आणि ही सिंगल फेजवर चालते का, एवढंच विचारलं.

निघताना अक्कांनी पंपाच्या मोटारीचं छापील हमीपत्र भरून दिलं. सहा महिने. अट एकच, कोरडी चालवायची नाही. मी खाली सही केली.