सत्ताविसावा आठवडा

ग्लेनिस ट्रेझाइज माझ्या शेजारच्या टेबलाशी अकरा वर्षं बसली. काम मागायला आलेल्या माणसाची खुर्ची ती आधी खिडकीकडे वळवायची. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या वॉलरू गावातल्या कचेरीच्या त्या खिडकीतून जेटी दिसते, आणि जेटीच्या टोकाला गहू भरून घेणारं एखादं जहाज. "घाई नाही. जरा बघत बस," असं म्हणून ती थांबायची आणि मग विचारायची, "सकाळी दहाला तू कुठे असावास असं तुला वाटतं?"

हा प्रश्न फॉर्ममध्ये नाही. फॉर्ममधले चौऱ्याऐंशी प्रश्न ती मागाहून उरकायची.

"बाई, इथे नोकऱ्या लावतात. भविष्य नाही सांगत," मी म्हणायचे.

"तू तुझा फोन उचल आधी. केव्हाचा कोकलतोय."

पूर्वी हे काम सरकारी कचेरीत चालायचं. ग्लेनिस त्या कचेरीतही होती. मग सरकारने हात झटकले आणि बेकारांना कामाला लावायचा ठेका कंपन्यांना दिला. माणूस कामावर चार आठवडे टिकला की कंपनीला थोडे पैसे, बारा टिकला की आणखी थोडे, सव्वीस टिकला की सगळ्यात मोठी रक्कम. सत्ताविसाव्या आठवड्यात तो जगला की मेला, कुणी विचारत नाही. मला या प्रकाराची चीड येते. पण माझंही घर त्याच पगारावर चालतं, तेव्हा त्या चिडीचं काय लोणचं घालायचं!

नेव्हिल पास्को आमच्याकडे आला तेव्हा चोपन्न वर्षांचा होता. जहाजात गहू भरायच्या कामावरून कमी केल्याला नऊ वर्षं झाली होती. एक डोळा अधू, त्यामुळे गाडीचं लायसन्स गेलेलं. खिडकीशी तो इतका वेळ बसला की मला वाटलं, डुलकी लागली. मग म्हणाला, "कुठेतरी उबेत असावं. जिथे काहीतरी वाढत असेल."

ग्लेनिसने त्याला टोमॅटोच्या काचघरात काम मिळवून दिलं. गावापासून चौदा किलोमीटर, कामाची वेळ पहाटे सहा, आणि बस एकही नाही. जाण्यायेण्याची सोय काय, हा रकाना रिकामा ठेवला तर संगणक पुढे सरकत नाही. तिने लिहिलं, 'स्वतःची सोय आहे.' ती सोय म्हणजे ग्लेनिस. रोज पहाटे कंपनीची गाडी घेऊन ती त्याच्या दाराशी उभी राहायची. दुपारी तिकडच्या कुणाकडे चौकशीला जायचंय असं सांगून त्याला परतही आणायची.

मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. मिठागराच्या सपाटीवर धुकं गुडघाभर साचलं होतं, आणि त्यात उभ्या कांगारूंची फक्त डोकी दिसत होती. पुढे लांबवर काचघराचा गुलाबी उजेड जमिनीवर ठेवल्यासारखा. रस्ता संपूच नये असं वाटत होतं. थर्मासमधला चहा पीत नेव्हिल रात्रीचं स्वप्न सांगत होता. काम सुटल्यापासून नऊ वर्षं त्याला स्वप्नच पडलं नव्हतं, आणि आता रोज पडत होतं.

"मी जहाजाच्या पोटात उभा. वरून गहू पडतोय, पण आवाज नाही. गहू छातीपर्यंत आला, आणि मी तरंगायला लागलो."

"बुडाला नाहीस ना? मग झालं," ग्लेनिस म्हणाली.

"बुडतो कसला! वर तू होतीस, खिम्याची पेस्टी खात."

"तुझ्या स्वप्नात तरी मला जरा बारीक कर की रे."

ती कचेरीत यायची ती त्या धुक्यातूनच. नऊ वाजता हाक मारली तर दुसऱ्या हाकेला ओ द्यायची. त्या सहा महिन्यांत ती सुखी होती, हे मी शपथेवर सांगेन.

सव्वीस आठवडे भरले, त्या दिवशी ब्रोडीने, म्हणजे आमच्या मॅनेजरने, टेबलावरची घंटा वाजवली. मोठी रक्कम आली की आमच्याकडे घंटा वाजते आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. मग त्याने ग्लेनिसला आत बोलावलं. दार उघडंच होतं.

"नेव्हिलची फाइल बंद झाली. उद्यापासून गाडी नाही."

"मी माझी गाडी नेईन."

"तीही नाही. त्याला तूच पोचवत होतीस हे तपासणीत निघालं, तर पैसे परत मागतील आणि तुझी नोकरी जाईल."

"मग तो जाणार कसा?"

"ग्लेनिस, अगं काम सुटलं तर येईल परत आपल्याकडेच. नवीन नोंद, नवे सव्वीस आठवडे. आपलं नुकसान काय?"

ती बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. दुसऱ्या पहाटे ती स्वतःच्या गाडीने गेलीच. वाटेत नेव्हिलला सगळं सांगून टाकलं आणि म्हणाली, "मी यायची थांबणार नाही. काय करायचं ते करू दे त्याला."

नेव्हिल हसला. "अगं, मी आजच सांगणार होतो. पॅकिंगमधली लॉरेन आपल्याच बाजूला राहायला आलीय. सोमवारपासून ती नेईल मला. तू झोप काढ."

ग्लेनिसचा जीव भांड्यात पडला. पण पहाटे पाचला तिला जाग यायचीच. मग ती स्वयंपाकघरात नुसतीच बसून राहायची, असं तिने मला सांगितलं.

त्यानंतरच्या पाचव्या आठवड्यात काचघरातून फोन आला. नेव्हिलला कामावरून काढलं होतं. टोमॅटोच्या दोन ओळींमध्ये तो गाढ झोपलेला सापडला होता. तिसऱ्यांदा.

"पण त्याला लॉरेन आणते ना? तिला द्या फोन," ग्लेनिस म्हणाली.

"मीच लॉरेन. मी कशाला आणू? मी राहते पार दुसऱ्या टोकाला. तो चालत येतो. पहाटे तीनला निघतो म्हणे. तुम्हाला माहीत नव्हतं?"

ग्लेनिसने फोन ठेवला.

नेव्हिल सोमवारी आला. ग्लेनिसने त्याची खुर्ची वळवली नाही. मग त्यानेच ती ओढून टेबलाशी नीट लावली आणि ताठ बसला. ब्रोडीने आतूनच खुशीत अंगठा उंचावला.

"मला का नाही सांगितलंस?" तिने विचारलं.

"सांगितलं असतं तर तू आली असतीस." तो पुढे वाकून हळूच म्हणाला, "ग्लेन, फॉर्म काढ. नवीन माणूस म्हणून लिही मला. तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून पैसे मिळतात, मी विचारून आलोय. तू माझ्यासाठी एवढं केलंस, मला तेवढं तरी करू दे."

अकरा वर्षांत मी ग्लेनिसला रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ती सगळ्यांसमोर रडली, आणि नेव्हिल पास्को तिला समजावत राहिला की त्याला काही घाई नाही.