साडूभाऊंनी लपवलेलं दुखणं

काळजी करण्याच्या बाबतीत आमच्या साडूभाऊंचा हात धरणारा माणूस उभ्या मराठवाड्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर साडूभाऊ आधी त्याच्याच काळजीला लागतील. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान. वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतात. शहराचं नाव बदलल्यापासून ते पत्त्यात जुनं आणि नवं अशी दोन्ही नावं लिहितात, उगाच कुणी एखाद्या नावावर अडून बसायला नको. घराला कुलूप लावून निघाले की कोपऱ्यावरून परत येतात आणि गॅस बंद आहे ना हे पाहून जातात. एकदा आमच्याकडून जेवून निघाले, कोपऱ्यापर्यंत गेले, परत आले आणि आमचा गॅस पाहून गेले. मुलगी पुण्याला नोकरीला लागली तेव्हा आम्ही पेढे खाल्ले, यांनी मात्र पेढा हातात धरूनच विचारलं, "पण पाव्हणं, कंपनी बुडाली तर?"

अशा माणसावर देवानं एकाच वेळी दोन ओझी टाकायला नको होती. माझ्या मेहुणीचा सगळा संसार भाड्याच्या खोल्यांत गेला. भिंतीला खिळा ठोकायचा तरी घरमालकाला विचारा. म्हणून बीड बायपासकडे एका नव्या इमारतीत दोघांनी तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बुक केला आणि बँकेत गृहकर्जाचा अर्ज टाकला. अर्जाची शाई वाळते न वाळते तोच मेहुणीला जिना चढताना धाप लागायला लागली. तपासण्या झाल्या. हृदयाची झडप खराब निघाली. डॉक्टर म्हणाले, सध्या औषधांवर बघू, पण ऑपरेशन काही टळायचं नाही. कंपनीचा विमा होता, पण त्यात निम्माही खर्च भागणार नव्हता.

त्यातच कारखान्याच्या कँटीनमध्ये कुणीतरी यांच्या कानात सोडून दिलं की, घरात मोठं दुखणं आहे असं कळलं की बँक कर्ज देत नाही. झालं! त्या दिवसापासून साडूभाऊंनी बायकोचं दुखणं चोरून आणलेल्या मालासारखं लपवायला सुरुवात केली. स्कूटरच्या एका बाजूला बँकेच्या कागदांची पिशवी आणि दुसऱ्या बाजूला दवाखान्याची. सवती असाव्यात तशा त्या दोघींना एकमेकींचं तोंडही दिसू द्यायचे नाहीत. बँकेचा माणूस अचानक घरी आला तर निरोगी बाईनं दार कसं उघडायचं, याची ते मेहुणीकडून तालीम करून घेत. "हसून उघडायचं, धाप टाकायची नाय." ती बिचारी हसून उघडायची आणि धाप यांनाच लागायची.

पण खरा घोटाळा निराळाच झाला. बँक खात्याच्या उताऱ्यावर दवाखान्याचं नाव उमटू नये म्हणून हे प्रत्येक तपासणीचे पैसे एटीएममधून काढून रोख भरत. इतकी वर्षं पगाराला हात लावतानाही दचकणाऱ्या माणसाच्या खात्यातून एकदम नोटा वाहायला लागल्या. बँकेतल्या साहेबांनी बोलावून घेतलं. धीर द्यायला मी बरोबर होतो. "हा एवढा रोख पैसा जातो कुठं?" साहेबांनी विचारलं. साडूभाऊ म्हणाले, "खर्च होतो, साहेब." "कशावर?" "आसाच." एवढं बोलून त्यांनी घाम पुसला. साहेबांनी आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे असं पाहिलं, जणू आम्ही दोघं नुकतेच एखाद्या पत्त्यांच्या अड्ड्यावरून उठून आलो आहोत. घरी जाऊन चौकशी करायला माणूस पाठवतो, असं सांगून त्यांनी आम्हाला वाटेला लावलं. बाहेर आल्यावर मला हसू येत होतं आणि काळजीही वाटत होती. कारण आता कर्ज गेलं तर दुखण्यामुळे नव्हे, ते लपवल्यामुळे जाणार होतं.

तो माणूस आला रविवारी, आणि नेमक्या त्याच दिवशी कन्नडहून जीप भरून मंडळी आजारी भाचीला भेटायला आली होती. बरोबर मेहुणीच्या मावशी. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जात नाहीत. निघताना त्याच्या हातावर एखादी नोट ठेवायची आणि "फळं खा" म्हणायचं. साडूभाऊ दूध आणायला गेले होते. दारात एक तरुण मुलगा बॅग घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मी बँकेतून आलोय." मी उठायच्या आत मावशींनी त्याला हाताला धरून आत बसवलं. "ये बाबा, बस. बघा, बँकेतली माणसंबी भेटाया आली! लई माया हाय जावयावर." मग त्याच्या हातात चहा देऊन त्यांनी झडपेपासून सगळी हकीकत सांगितली. जावई कसा रात्रंदिवस झुरतो, प्रत्येक तपासणीला नोटा मोजतो, पण बायकोला कळू देत नाही, सगळं सगळं. तेवढ्यात साडूभाऊ दुधाची पिशवी घेऊन आले, बॅग पाहिली, आणि दारातच त्यांचा रंग त्या दुधासारखा झाला.

मंडळी निघाली. एकेकानं मेहुणीच्या हातावर नोट ठेवली. रांगेत तो मुलगाही सापडला. क्षणभर घुटमळला, मग खिशातून शंभराची नोट काढून तिच्या हातावर ठेवत म्हणाला, "लवकर बऱ्या व्हा, चाची." खाली जिन्यात त्यानं साडूभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. "चाचा, आम्हाला वाटलं जुवा-बिवा चालतोय. बीमारी कायको छुपाते? ती तर हर घर में है." त्यानं अहवाल चांगलाच दिला असणार, कारण कर्ज मंजूर झालं. साडूभाऊंना आनंद व्हायला हवा होता. पण मंजुरीनंतरही ते मला फोन करून एकच विचारत होते, "पाव्हणं, बँकेच्या माणसाचे शंभर रुपये आपण घेतले. ही लाच तर व्हत नाय ना?"

कर्ज मंजूर झालं तरी आपल्या वाट्याची रक्कम आधी भरावी लागते. ती त्यांनी वर्षानुवर्षं पोटाला चिमटा काढून साठवली होती. बिल्डरला ती महिनाअखेर हवी होती, आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशन आता थांबवता येणार नाही. पैसे एकच, मागणारे दोन. मला वाटलं, आता हा माणूस काळजीनंच आडवा होणार. पण ते शांतपणे मला म्हणाले, "चला, जरा औरंगपुऱ्यात जाऊन येऊ." बिल्डरच्या ऑफिसात बसून त्यांनी बुकिंग रद्द केलं. किराणा दुकानाच्या पावतीवरही उलटसुलट नजर फिरवणाऱ्या या माणसानं त्या कागदावर न वाचता सही केली. त्यांना इतकं शांत मी कधीच पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगतो, मला त्याचीच भीती वाटली.

ऑपरेशनला आत नेताना मेहुणीनं त्यांचा हात धरून विचारलं, "घराचे पैसे भरले ना हो?" "भरले," साडूभाऊ म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. ऑपरेशन नीट झालं. तिला कसलाही धक्का बसू देऊ नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते काही दिवसांपुरतं असावं, पण साडूभाऊंनी ते आजतागायत पाळलं आहे. घराचा ताबा कधी मिळणार असं तिनं विचारलं, की बिल्डर लांबवतोय म्हणतात. यावर आपल्याकडे कुणाचाही विश्वास बसतो.

परवा आम्ही चौघं संध्याकाळी बीड बायपासकडे फिरायला गेलो होतो. मेहुणी आता न थांबता चांगली चालते. त्या इमारतीसमोर ती उभी राहिली. तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच फ्लॅटच्या गॅलरीत कुणाच्या तरी साड्या वाळत होत्या. ती बराच वेळ वर पाहत राहिली. साडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं त्यांची टिंगल करणारा मी आता त्यांच्याच वतीनं म्हणालो, "बिल्डरच्या माणसांच्या असतील."

"असू द्या, दाजी," ती म्हणाली. "ऊन चांगलं येतं तिथं. कुणाचं का होईना, वाळतंय ना." मग तिनं साडूभाऊंचा हात धरला आणि त्यांना सांभाळून रस्ता ओलांडून नेलं.