फाट्यावरचा पंचा

रविवार होता. दवाखान्याच्या पोर्चमध्ये गाडीच्या काचा पुसत होतो, तेवढ्यात फोनवरची रविवारची बदली बाई नेहमीची घंटा न वाजवता स्वतःच बाहेर आली आणि म्हणाली, "बबनराव, गाडी काढा. मार्थाबाईंच्या छातीत दुखतंय." राजूरपासून भंडारदऱ्यापर्यंतची एकेक वाडी ज्या फोनवाल्या बाईंनी मला पाठ करायला लावली, त्यांचं घर काही मी पाहिलेलं नव्हतं. चर्चच्या मागं कुठंतरी राहतात, एवढंच ठाऊक. वस्तीच्या तोंडाशी आलो तर चिटपाखरू नाही. सगळ्या गल्ल्या सारख्याच. एकीत शिरलो, ती पुढं बंद निघाली. गाडी मागं घेतली, गिरणीवाल्याला विचारलं... दहा मिनिटं गेली. मनात बाईंवर चिडत होतो, खोटं कशाला सांगू. साऱ्या तालुक्याला रस्त्यावर माणूस उभा करायला लावता आणि स्वतःच्या घरासमोर कुणी नाही? घरात पोचलो तेव्हा शेजारचे सायमनमास्तर त्यांचा हात धरून बसले होते. सगळं संपलं होतं.

त्याला आज पाच आठवडे झाले.

आमच्या दवाखान्याला गाडी एक आणि फोन एक. गाडी मी हाकायचो आणि मला बाई हाकायच्या. जिन्याखालच्या खोलीत टेबल, फोन, भिंतीवर स्वतः काढलेला नकाशा. त्यात गावं कमी आणि खुणा जास्त... वाकडा आंबा, पडकी विहीर, म्हसोबाचा दगड. खेड्यातला माणूस चार-पाच मैल तुडवत पोस्टात यायचा आणि फोन हातात आला की रडायला लागायचा. बाई त्याला रडू द्यायच्या नाहीत. "रडायचं नंतर. आधी सांग, श्वास चालू आहे का? रक्त किती गेलं?" आणि शेवटी ठरलेलं एकच. "आता घरी पळू नकोस. फाट्यावर जा, काठीला पांढरं फडकं बांध आणि गाडी येईपर्यंत हलू नकोस." गाडी रस्ता चुकली की माणूस जातो, हे त्यांनी एकदोनदा पाहिलं होतं. म्हणून हा हट्ट. मी चिडवायचो, "बाई, तुमच्यामुळं तालुक्यातलं धोतर शिल्लक राहायचं नाही." त्या हसायच्या, पण नियम सोडायच्या नाहीत.

मग गेल्या उन्हाळ्यातली ती गोष्ट. दुष्काळी कामं जोरात होती. सकाळी राजूरच्या पोस्टातून देवराम नावाच्या माणसाचा फोन आला. बायको पहिलटकरीण, कालपासून अडलेली. बाईंनी नेहमीप्रमाणे त्याला फाट्यावर उभं राहायला सांगितलं. मी गाडीत बसतोय, तोच दुसरा फोन. खडी फोडण्याच्या कामावर सुरुंगात दोघं जबर जखमी. डॉक्टर म्हणाले, आधी तिकडं जा. बाईंनी मला तिकडं धाडलं आणि पोस्टात पुन्हा फोन लावून विनवलं, फाट्यावर माणूस उभा आहे, त्याला घरी जा म्हणून सांगा. पोस्टमास्तर म्हणाले, फाटा दीड कोसावर, मी एकटा, कुणाला पाठवू? त्या दिवशी बाईंनी सातआठ वेळा तरी फोन लावला असेल.

जखमींना आणून मी फाट्यावर पोचलो तेव्हा चार वाजले होते. देवराम उन्हात उभा, हातात काठी, काठीला पांढरा पंचा. सकाळपासून तसाच. त्याची वाडी तिथून पाऊण मैल. गेलो, तर दारात बाया बसलेल्या. बायको दुपारी दोनला गेली होती. शेवटी सारखी त्याचं नाव घेत होती म्हणे.

तो शिव्या घालील असं वाटलं होतं. आठवड्याने दवाखान्यात आला आणि विचारलं, "फोनवाल्या बाई कोन?" बाई उठून उभ्या राहिल्या. तो म्हणाला, "मी हाललो न्हाई बाई. तुमाला वाटंल, थांबला न्हाई म्हून गाडी माघारी गेली. म्हून सांगाया आलो." त्याचा पंचा गाडीत राहिला होता, तो बाईंनी धुऊन घडी करून ठेवला होता, तो पुढे केला. त्याने घेतला नाही. "ऱ्हाऊ द्या. कुनाला तरी लागंल."

पंचा फोनशेजारच्या खुंटीला लागला. डॉक्टरांनी बाईंना कितीदा समजावलं, तो घरी असता तरी ती वाचली नसती. बाई म्हणायच्या, "वाचली नसती. पण एकटी गेली नसती." त्या दिवसापासून फोनवर पहिला प्रश्न बदलला. "तुझ्याबरोबर दुसरं कोण आहे?" दुसरा असेल तर तो फाट्यावर. नसेल तर, "तू घरी जा, माणसाजवळ बस. गाडी शोधील." आणि मी शोधत बसायचो, घामाघूम होऊन, बाईंना लाखोली वाहत. परत आल्यावर भांडायचो सुद्धा. एकदा म्हणालो, उद्या तुमच्या या नव्या नियमापायी कुणी दगावलं तर? त्या खुंटीकडं बघत राहिल्या. जेवणाचा डबा तसाच परत गेला त्या दिवशी. ते बोललो नसतो तर बरं झालं असतं.

बाईंना माती दिल्यावर सायमनमास्तर माझ्याजवळ आले. दुकानातून फोन त्यांनीच केला होता. म्हणाले, "मी गल्लीच्या तोंडाशी थांबणार होतो हो. पण निघतानाच त्यांनी बजावलं, फोन झाला की सरळ माझ्याकडं या, तिथं उभे राहू नका. बबनराव शोधतील."

डॉक्टर म्हणतात, दहा मिनिटांनी काही फरक पडला नसता. मी मान हलवतो.

परवा नव्या बाईंनी विचारलं, खुंटीवरचा पंचा मळलाय, धुवायला टाकू का? मी उतरवून घरी आणला, स्वतः धुतला आणि सकाळी परत खुंटीला लावला. तेवढ्यात फोन वाजला. नवी बाई पलीकडच्याला सांगत होती, फाट्यावर थांबा म्हणून. मी दारातूनच म्हणालो, "आधी विचारा, बरोबर दुसरं कोण आहे."