कथील न चढवलेला बोर्ड

माझी थोरली बहीण गुहागरला एकटीच राहते. साठीनंतर तिला कमी ऐकू येऊ लागलं आणि पुढे दारावरची बेलही ऐकू येईना. मी रत्नागिरीत घरच्या घरी सर्किट बोर्ड बनवतो, जुना नाद. म्हटलं, "ताई, बाहेर कुणी बेल दाबली की स्वयंपाकघरात लाल दिवा लागेल, असं काहीतरी करून देतो."

बोर्ड छान झाला. तांब्याच्या रेघा स्वच्छ उमटल्या होत्या. आता त्यांवर कथलाचा पातळ थर चढवायचा होता, भांड्यांना कल्हई करतात तसा. कथील नीट धरावं म्हणून आधी फ्लक्सचा लेप लावायचा आणि तापल्या सोल्डरिंग आयर्नने कथील रेघेवरून हळूहळू ओढत न्यायचं. आपल्या खाऱ्या हवेत उघडं तांबं टिकत नाही, हे मीच चारचौघांना सांगत असे. पण गाडीची वेळ झाली होती. नुसते भाग जोडले आणि निघालो.

दिवा लागला तेव्हा ताईने लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. मी म्हणालो, "पुढच्या खेपेला पक्कं करतो."

पुढची खेप दीड वर्षाने झाली. बेल दाबत राहिलो, कुणी आलं नाही. शेवटी मागच्या दाराने आत गेलो. बोर्ड हिरवा पडला होता, दोन रेघा तर पार खाल्ल्या गेल्या होत्या.

"कधीपासून बंद आहे?" मी मोठ्याने विचारलं.

"झाले सात-आठ महिने. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

मग चहा गाळता गाळता तिने सांगितलं. तिची शाळेतली मैत्रीण, दुबईला मुलाकडे राहणारी, मध्यंतरी येऊन गेली. बराच वेळ बेल दाबत उभी होती म्हणे. ताई आत नारळ खवत होती. शेजारीण संध्याकाळी म्हणाली तेव्हा कळलं, तोवर ती मुंबईच्या वाटेला लागलेली. दोन महिन्यांनी दुबईतच वारली.

"तुझ्या हातात काय होतं त्यात?" ताई म्हणाली.

होतं. अर्ध्या तासाचं काम होतं.

आठवड्याने नवा बोर्ड घेऊन गेलो. एकेक रेघ कथलाने झाकली होती, भिंगाखाली तपासली होती. दिवा लागतो. पण ताई आता भाजीसुद्धा पडवीत बसूनच चिरते, रस्त्याकडे तोंड करून.

"आत बसलीस तरी चालेल," मी म्हटलं.

"असू दे रे," ती म्हणाली. "इथनं दिसतं."